कर्ज फेडलं तरी सिबिल रिपोर्टमध्ये 'रिटन ऑफ' दिसतंय, ते कसं काढायचं?

आधी एक ठरवा: 'रिटन ऑफ' (म्हणजे बँकेने कर्ज बुडीत धरलं) ही नोंद चुकीची आहे की खरी? कर्ज पूर्ण फेडलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला, म्हणजे एनओसी, आणि खात्याचा उतारा आधी हातात घ्या.

मग सिबिलच्या साइटवर लॉगिन करून त्या खात्यावर डिस्प्युट, म्हणजे हरकत, टाका. सिबिल स्वतःहून काही बदलत नाही, बँकेला विचारते. त्यामुळे त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागालाही कागद जोडून ईमेल करा. नुसतं शाखेत जाऊन तोंडी सांगण्याला काडीचा अर्थ नाही, तक्रार क्रमांक हवाच. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे (एप्रिल २०२४पासून). तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी लागत नाही.

सिबिलसारख्याच एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्यांचे रिपोर्टही बघा. वर्षातून एकदा प्रत्येकाकडून फुकट मिळतात.

कर्ज सेटलमेंट करून, म्हणजे बँकेशी ठरवून कमी रक्कम भरून मिटवलं असेल तर गोष्ट वेगळी. 'सेटल्ड' ही नोंद खरी आहे, डिस्प्युटने जाणार नाही. उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून देता का, हे बँकेला लेखी विचारा. पैसे घेऊन खरा डिफॉल्ट पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटला मात्र दारातही उभं करू नका.