येऊरला पहाटे एकट्याने रोड सायकल चालवायला जावे का?

आपण विचारले आहे की नुकतीच रोड सायकल घेतली आहे, घोडबंदर रस्त्याच्या सेवा मार्गावर सराव झाला आहे आणि आता रहदारी टाळण्यासाठी पहाटे साडेचारच्या सुमारास एकट्याने ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ चढण्याचा विचार आहे, तर ते योग्य ठरेल का आणि तयारी कशी करावी. येऊरला आपण अवश्य जावे, मात्र साडेचारला जाऊ नये. पूर्ण उजाडल्यावरच वर चढावे, असे मी आग्रहाने सांगेन. ठाण्यात मी अनेक वर्षे सायकल चालवत आहे आणि हा रस्ता मला फार प्रिय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उपवन तलावाच्या बाजूने वर गेल्यावर वनखात्याचा तपासणी नाका लागतो. तिथून पुढचा रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून वळणे घेत पाड्यांपर्यंत जातो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्यांची वस्ती दाट आहे आणि बिबट्याच्या हालचाली मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालतात. बिबट्या सहसा माणसाला टाळतो, त्यामुळे चालत्या सायकलस्वाराला त्याच्यापासून फारसे भय नाही. प्रश्न सायकल थांबल्यावर येतो. पंक्चर झाले की माणूस रस्त्याच्या कडेला उकिडवा बसतो, मान खाली घालून ट्यूब बदलतो, आणि अंधारात झाडीच्या कडेला बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. जंगलालगतच्या वस्त्यांमध्ये वनखाते अंधारात उघड्यावर वाकून बसू नका, असे सांगते, त्याचे कारण हेच आहे. उजाडल्यावर हा धोका पुष्कळच कमी होतो. तरीही बिबट्या समोर आलाच, तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ताठ उभे राहावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी, पाठ फिरवून पळू नये आणि त्याला निघून जायला वाट द्यावी.

आता चढाविषयी. सपाट रस्त्यावर वेग वाढला की आपली बहुतेक ताकद हवेचा विरोध तोडण्यात खर्च होते. चढावर वेग कमी असतो, तिथे लढत जवळजवळ पूर्णपणे गुरुत्वाकर्षणाशी असते. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो वजन धरले, तर सहा टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे १२० वॉट लागतात, आणि वेग १५ वर नेला तर हाच आकडा १८० च्या पुढे जातो. नवख्या माणसाची दमछाक होते ती बहुधा पहिल्या वळणापर्यंत सपाटीचाच वेग टिकवण्याच्या हट्टामुळे. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा, कारण पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की चेन कुरकुरते आणि कधी कधी निसटतेही. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चाक) आणि मागे ३२ किंवा ३४ दातांपर्यंत जाणारी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) असेल, तर येऊर बसल्या बसल्या चढता येते. मागची कॅसेट २५ दातांवरच संपत असेल, तर ती बदलून घ्यावी. हा खर्च हलकी चाके घेण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. पाय एका लयीत फिरत राहिले पाहिजेत आणि सोबत्याशी तुटक का होईना, बोलता आले पाहिजे, एवढी गती सुरुवातीला पुरे.

माझी खरी काळजी उताराची आहे. चढताना रस्ता मोकळा दिसला म्हणून उतरताना तो मोकळाच असेल, असे धरून अनेक जण वेगाने सुटतात. हा रस्ता पाटोणपाडा, जांभूळपाडा अशा पाड्यांतील लोकांचा रोजचा रस्ता आहे. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, शाळेला निघालेली मुले, पहाटफेरीला आलेली वडीलधारी माणसे, कुत्री आणि माकडे यांपैकी कोणीही वळणापलीकडे असू शकते. थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ४० च्या वेगाने उतरलात, तर नुसत्या ब्रेकिंगचे अंतर पावणेदोन पटींहून अधिक होते. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेवावा. ब्रेक वळणात शिरण्यापूर्वी दाबावा, बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर वजन द्यावे, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी आणि आपली बाजू सोडून कधीही आत कापू नये. आंधळ्या वळणाआधी घंटी एकदा वाजवणे पुरेसे असते. मोठ्याने ओरडणे किंवा सायकलला स्पीकर लावून गाणी वाजवणे मला मुळीच मान्य नाही, कारण ज्या शांततेसाठी आपण तिथे जातो, ती इतरांच्याही हक्काची आहे.

पावसाळ्यात येऊर अतिशय सुंदर दिसते आणि तेव्हाच तो रस्ता सर्वांत फसवा असतो. झाडांच्या सावलीतल्या कडांवर शेवाळ धरते, सागाची ओली पाने डांबराला चिकटून बसतात, आणि रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला दाबणारे ब्रेक, असतील तर चाकाच्या कडेवरचे पाणी पुसले जाईपर्यंत पहिले काही क्षण ते जवळजवळ पकडतच नाहीत. त्या दिवसांत २८ मिलीमीटरचे टायर, नेहमीपेक्षा थोडी कमी हवा आणि हलका हलका ब्रेक अधूनमधून दाबत उतरणे, ही पद्धत मला सुरक्षित वाटते. नवशिक्याने पहिला पावसाळा चढाच्या सरावापुरताच ठेवावा आणि भर पावसात उतरण्याऐवजी वर आडोशाला थांबावे.

डांबरी रस्ता सोडून पायवाटांवर सायकल घालू नये. विनापरवाना उद्यानाच्या जंगलात शिरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि रोड सायकलच्या अरुंद टायरांना त्या वाटा झेपतही नाहीत. माकडांना केळी किंवा बिस्किटे देऊ नयेत. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर उतरतात आणि पुढच्या सायकलस्वाराच्या चाकाखाली येतात. आपल्या खाण्याची वेष्टने खिशातच परत आणावीत.

सुरुवातीचे काही आठवडे एकट्याने जाण्याऐवजी एखादा सोबती घ्यावा. सुटी ट्यूब, टायर काढायची पट्टी (टायर लिव्हर), छोटा पंप, पाण्याची बाटली आणि मागचा लाल दिवा सोबत असू द्यावा. प्रवेशाच्या वेळा आणि नियम बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी नाक्यावरच चौकशी करावी. वाहनांची वर्दळ अगदीच नको असेल, तर याच उद्यानात बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता आहे. शेवटचा चढ दमवणारा असला, तरी पहिल्या डोंगरी सरावासाठी मी तोच रस्ता सुचवेन.