पुण्यातील अर्धा फ्लॅट आणि रेडिंगच्या घराची स्टॅम्प ड्यूटी

आपल्या पत्राचा आशय असा : आपण उभयता सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये नोकरी करता, रेडिंग येथील ३,३०,००० पौंडांचा लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळणारा) फ्लॅट आपण पसंत केला आहे आणि आपली ऑफर विक्रेत्याने स्वीकारली आहे. इस्टेट एजंटने सुचवलेली ऑनलाइन कन्व्हेयन्सिंग कंपनी (घरखरेदीचे कायदेशीर काम करणारी) ७९५ पौंड मागते, तर गावातील सॉलिसिटरची फर्म १,४५० पौंड मागते. दोन्हींवर व्हॅट वेगळा आहे. ६५५ पौंड वाचवावेत की नाहीत, हा आपला प्रश्न आहे. त्याशिवाय दोन गोष्टी आपण ओघात लिहिल्या आहेत. आई-वडील डिपॉझिटसाठी ३५ लाख रुपये पाठवणार आहेत, आणि २०१४ मध्ये ६० लाखांना घेतलेल्या, आज साधारण १ कोटी १० लाख रुपये किमतीच्या पुण्यातील फ्लॅटवर वडिलांबरोबर आपलेही नाव आहे. माझ्या मते आपल्या निर्णयाचे खरे वजन या ओघात आलेल्या दोन गोष्टींमध्ये आहे, म्हणून फीकडे मी नंतर येतो.

आपण स्टॅम्प ड्यूटीसाठी, म्हणजे इंग्लंडमधील घरखरेदीवरील करासाठी, १,५०० पौंड बाजूला ठेवले आहेत. पहिले घर घेणाऱ्यांना ३,००,००० पौंडांपर्यंत ही ड्यूटी शून्य आणि त्यापुढे ५,००,००० पौंडांपर्यंत ५ टक्के आहे, त्यामुळे हिशेब म्हणून आपला आकडा बरोबर आहे. मात्र ही सवलत ज्याच्या मालकीचे जगात कोठेही कधीही घर नव्हते त्यालाच मिळते, आणि दोघे मिळून घर घेत असतील तर दोघांनाही ही अट लागू होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आपला खरोखर हिस्सा असेल तर ही सवलत गेली, आणि सर्वसाधारण दराने, म्हणजे पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, पुढील १,२५,००० वर २ टक्के आणि उरलेल्या ८०,००० वर ५ टक्के, अशी ६,५०० पौंडांची ड्यूटी बसते. त्याहून मोठा फटका पुढे आहे. खरेदीच्या दिवसाअखेर आपल्याकडे दुसरे घर असेल, मग ते पुण्यात असले तरीही, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर लागू आहे. आपल्या बाबतीत हा अधिभार १६,५०० पौंड होतो आणि एकूण ड्यूटी २३,००० पौंडांवर जाते. पती-पत्नींना या अधिभारासाठी एकच धरले जात असल्याने घर केवळ पत्नीच्या नावे घेऊनही त्यातून सुटका होत नाही.

१,५००, ६,५०० की २३,००० पौंड, हे पुण्याच्या फ्लॅटबाबतच्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरेल.

पहिला प्रश्न असा की तो हिस्सा खरोखर आपला आहे का. आपण लिहिता की पैसे वडिलांनी भरले, गृहकर्जाचे हप्ते त्यांच्याच खात्यातून गेले आणि आपले नाव केवळ पुढील सोयीसाठी घातले. आपल्याकडे असे घरोघरी करतात. ब्रिटिश करखाते मात्र कागदावर कोणाचे नाव आहे एवढ्यावर थांबत नाही, तर लाभाचा हक्क कोणाचा आहे हे पाहते. त्यामुळे आपली बाजू मांडता येण्याजोगी आहे, पण ती सोपी नाही. भारतीय कायद्याची भाषा याबाबत वेगळी आहे, खरेदीखतात आपण सहमालक आहात आणि इंग्लंडला येईपर्यंत आपण त्याच घरात राहत होता. म्हणून पुण्यातील वकिलाचे लेखी मत, खरेदीखत, इंडेक्स २ (दस्तनोंदणीचा उतारा) आणि कर्जखात्याचे उतारे एकत्र करून ते इंग्लंडमधील सॉलिसिटरसमोर ठेवावे, आणि त्यांनी लेखी निष्कर्ष दिल्याशिवाय १,५०० हा आकडा धरू नये.

दुसरा प्रश्न हिश्शाच्या किमतीचा आहे. अधिभारासाठी ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीचा हिस्सा मोजला जात नाही. पौंडाचा भाव ११५ रुपये धरला तर आपल्या अंदाजाप्रमाणे निम्मा हिस्सा ५५ लाखांचा, म्हणजे सुमारे ४७,८०० पौंडांचा होतो. फ्लॅटची खरी किंमत ९० लाख निघाली तर तोच हिस्सा सुमारे ३९,१०० पौंडांवर येतो, अधिभार लागत नाही आणि ड्यूटी ६,५०० पौंड होते. सोसायटीतील चर्चेवरून काढलेल्या किमतीवर इतक्या मोठ्या रकमेचा निर्णय सोडू नये. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून प्रामाणिक मूल्यांकन करून घ्यावे आणि जो आकडा येईल तो मान्य करावा. त्यांना आकडा कमी दाखवण्याची विनंती मात्र कृपया करू नका.

हिस्सा आपला आहे आणि ४०,००० च्या वर आहे असे ठरले, तर कम्प्लिशनपूर्वी, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर आपल्या ताब्यात येण्यापूर्वी, तो वडिलांच्या नावे करून देण्याचा मार्ग उरतो. हक्कसोडपत्र करावे की बक्षीसपत्र, हे पुण्याचे वकील सांगतील. आपण जाणार नसाल तर कुलमुखत्यारपत्र इंग्लंडमध्ये साक्षांकित करून पाठवावे लागेल, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागेल. येथे एक खर्च बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपण ब्रिटनचे रहिवासी असल्याने वडिलांना मोफत दिलेला हिस्साही तेथे बाजारभावाने विकल्यासारखा मानला जातो. २०१४ मध्ये पौंड १०० रुपयांचा धरला तर आपला हिस्सा तेव्हा ३०,००० पौंडांचा होता, म्हणजे सुमारे १७,८०० पौंडांचा नफा, त्यातून ३,००० ची वार्षिक सूट वजा जाता २४ टक्के दराने साडेतीन हजार पौंडांच्या आसपास कर होतो. आपण त्या घरात राहिलात त्या काळापुरती सवलत मिळून तो कमीही होऊ शकेल. १६,५०० वाचवण्यासाठी हा खर्च मला रास्त वाटतो, पण तो सोडलेला हिस्सा खरोखर सोडण्याची आपली तयारी असेल तरच. पुढे परत नावावर करून घेण्याचे आतून ठरवले असेल तर ते हस्तांतर केवळ देखाव्याचे ठरते आणि त्यात मी आपल्याला साथ देऊ शकत नाही. भावंडे असतील तर त्यांच्याशीही आधीच बोलून घ्यावे.

आता फी. ऑनलाइन कंपनीच्या दरपत्रकाचे दुसरे पान आपण जोडले आहे, ते मी नीट पाहिले. लीजहोल्डसाठी ३००, कुटुंबाकडून आलेल्या डिपॉझिटसाठी ९०, स्टॅम्प ड्यूटीच्या विवरणपत्रासाठी १०० आणि बँक ट्रान्सफरसाठी ५० पौंड वेगळे आहेत. हे सर्व आपल्याला लागणारच असल्याने खरी फी १,३३५ होते. स्थानिक फर्मच्या १,४५० मध्ये हे सर्व धरलेले आहे. म्हणजे फरक ११५ पौंड अधिक व्हॅट, एकूण १३८ पौंड एवढाच आहे. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असेही आहे की कंपनी स्टॅम्प ड्यूटीचे विवरणपत्र भरेल, परंतु करविषयक सल्ला देणार नाही. आपले प्रकरण जेथे अडणार आहे नेमके तेथेच ती हात वर करते. म्हणून मी स्थानिक फर्म निवडेन, मात्र नेमणूक करण्यापूर्वी तीन गोष्टी ईमेलवर विचाराव्यात : परदेशातील मालमत्तेसह स्टॅम्प ड्यूटीचा सल्ला ती फर्म देईल का, किंवा करतज्ज्ञाकडून घेऊन त्याचा खर्च आधी सांगेल का, आपल्या मॉर्गेज (गृहकर्ज) देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य फर्मांच्या यादीत, ती आहे का, आणि आपली फाइल कोणाच्या हाती राहील. करसल्ल्याला ती नाही म्हणाली तर ११५ पौंड जास्त देण्यात अर्थ नाही, दुसरी फर्म शोधावी. एजंट काहीही म्हणाला तरी त्याने सुचवलेलीच कंपनी घेण्याचे बंधन आपल्यावर नाही.

आई-वडिलांच्या पैशांबाबत घाई आजच करावी. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटर हे पैसे मूळ कोठून आले हे विचारणारच. ठेवीच्या पावत्या, काही महिन्यांचे खात्याचे उतारे, दोघांचे पासपोर्ट, आणि ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही असे पत्र, एवढे तयार ठेवावे. पतसंस्थेचे पासबुक मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागेल. भारतातून पाठवताना प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला अडवत नाही. पण भेट म्हणून पाठवलेल्या रकमेवर १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस (रक्कम पाठवतानाच गोळा केला जाणारा आयकर) बँक आधीच घेते. वडिलांनी एकट्याने ३५ लाख पाठवले तर ५ लाख कापले जातील. आईच्या स्वतःच्या ठेवी असतील आणि दोघांनी साडेसतरा लाख प्रत्येकी पाठवले तर ३ लाख. विवरणपत्र भरल्यावर ही रक्कम कराशी जुळवून घेता येते किंवा परत मिळते, मात्र तोवर ती त्यांच्या हाताशी नसेल. त्यांचे वय पाहता औषधपाण्याचा पैसा यात अडकणार नाही ना, हे आपण स्वतः विचारावे.

एजंट या महिनाअखेर एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही पक्षांना बांधणारा करार, करा म्हणून मागे लागला आहे. इंग्लंडमध्ये एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात. विक्रेता जास्त किंमत देणाऱ्याकडे जाऊ शकतो, ही भीती खरी आहे. पण एक्स्चेंजनंतर माघार घेतली तर १० टक्के डिपॉझिट, म्हणजे ३३,००० पौंड गमवावे लागतात, आणि त्यात आई-वडिलांचेही पैसे असतील. मॉर्गेजची लेखी ऑफर, स्थानिक प्रशासनाकडील सर्चची (मालमत्तेविषयीच्या चौकशीची) उत्तरे, आणि इमारतीच्या व्यवस्थापनाकडून सर्व्हिस चार्ज (देखभालीचे शुल्क), नियोजित दुरुस्त्या व अग्निसुरक्षेची माहिती हाती आल्याशिवाय सही करू नये. लीजची ८२ वर्षे उरली आहेत असे आपण लिहिता. ती ८० च्या खाली गेली की आजच्या कायद्यानुसार मुदतवाढ बरीच महाग होते, म्हणून मुदतवाढीचा अंदाजे खर्च सॉलिसिटरकडून काढून घ्यावा आणि किमतीत तेवढी सूट मागावी. पुण्याचे कागद होईपर्यंत कम्प्लिशनची तारीख पुढे ठेवणे हाही वाटाघाटीचा भाग आहे, कारण ड्यूटीसाठी साधारणतः कम्प्लिशनचाच दिवस पाहिला जातो आणि विवरणपत्र व रक्कम त्यानंतर १४ दिवसांत द्यावी लागते.

पैसे पाठवण्याची वेळ येईल तेव्हा सॉलिसिटरच्या खात्याचा क्रमांक नेमणुकीच्या पहिल्या पत्रावरून घ्यावा. नंतर ईमेलने नवा क्रमांक आला तर पैसे थांबवून, आधीपासून आपल्याकडे असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर स्वतः फोन करावा आणि प्रथम लहान रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करून घ्यावी.