विसाव्या शतकातल्या दक्षिण अमेरिकेतल्या कोणत्या खासदाराबद्दल आवर्जून वाचावं?

मी बेर्ता लुत्झ यांचं नाव सुचवेन. ब्राझीलच्या संसदेत त्या जेमतेम सव्वा वर्ष होत्या, पण त्यांच्या कामाचं मोल खुर्चीवरच्या काळावरून ठरवणं मला पटत नाही.

जन्म 1894 चा, साओ पाउलोमधला. वडील नामवंत वैद्यकीय संशोधक, आई इंग्लिश परिचारिका. पॅरिसला जीवशास्त्र शिकून आल्यावर 1919 मध्ये स्पर्धा परीक्षेतून त्या रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात रुजू झाल्या. बेडकांवर संशोधन करणाऱ्या या बाईंनी 1922 मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी देशव्यापी संघटना उभी केली. 1928 मध्ये तर नाताल शहरावर विमानातून पत्रकं टाकली! 1932 मध्ये मताधिकार मिळाला. मात्र निरक्षरांना तो नव्हता, आणि 1985 पर्यंत मिळाला नाही. म्हणजे शेतात राबणाऱ्या असंख्य बायका बाहेरच राहिल्या. त्या लढ्याचं कौतुक करताना हे विसरता कामा नये.

1934 च्या निवडणुकीत त्यांना पर्यायी सदस्याचं स्थान मिळालं आणि एका खासदाराच्या निधनामुळे जुलै 1936 मध्ये त्या सभागृहात आल्या. तेव्हा कामाचा दिवस 13 तासांचा असे. तो कमी करावा, समान कामाला समान वेतन द्यावं, बाळंतपणासाठी तीन महिने रजा मिळावी, अशा मागण्या त्यांनी मांडल्या. स्त्रियांच्या हक्कांचा एकत्रित कायदा करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. पण 10 नोव्हेंबर 1937 ला राष्ट्राध्यक्ष झेतुलियो वार्गास यांनी संसदच बरखास्त केली आणि सगळं बारगळलं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी करण्याची मुभा ब्राझीलमधल्या विवाहित स्त्रीला त्यानंतर थेट 1962 मध्ये मिळाली.

मला सर्वांत मोठं वाटतं ते त्यांचं 1945 मधलं काम. संयुक्त राष्ट्रांची सनद लिहायला सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या प्रतिनिधींमध्ये बायका मूठभर होत्या. सनदेवर 160 जणांनी सह्या केल्या, त्यांत स्त्रिया फक्त चार. समानतेचा स्पष्ट उल्लेख हवा, यावर लुत्झ आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्वा बर्नार्दिनो अडून बसल्या. अमेरिका आणि ब्रिटनकडून आलेल्या बायकांनाच ही मागणी अनावश्यक वाटत होती, त्यामुळे विरोध घरातूनच होता म्हणायचा. संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगात, कोणत्याही पदावर स्त्री-पुरुषांना समान अटींवर सहभागी होता येईल आणि त्यावर निर्बंध नसतील, असं सांगणारं आठवं कलम त्या हट्टातून आलं. याचं श्रेय बहुतेकदा पाश्चात्त्य देशांना दिलं जातं. ते लॅटिन अमेरिकेतल्या या स्त्रियांचं आहे.

1975 मध्ये मेक्सिकोत झालेल्या पहिल्या जागतिक महिला परिषदेलाही लुत्झ गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी रिओत त्यांचं निधन झालं.