पक्षाघाताचा झटका येऊन सहा तास उलटल्यावर स्कॅनचा काही उपयोग होतो का?

होतो, किंबहुना पुढचा उपचार करायचा की नाही, हे पुष्कळदा त्या स्कॅनवरच ठरते. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर काढता येते, परंतु पूर्वी त्यासाठी सहा तासांची मर्यादा मानली जात असे, म्हणजे निर्णय घड्याळ पाहून होत असे. प्रत्यक्षात प्रत्येकाचा मेंदू एकाच गतीने मरत नाही. शेजारच्या बारीक वाहिन्यांतून थोडेफार रक्त येत राहिले, तर मृत गाभ्याभोवतीचा बराच भाग काम थांबवूनही कित्येक तास जिवंत राहतो. परफ्यूजन सीटी स्कॅनमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारा द्रव) देऊन तो मेंदूच्या कोणत्या भागात किती उशिरा पोहोचतो हे मोजले जाते आणि संगणक मृत भाग व वाचवता येण्याजोगा भाग निरनिराळ्या रंगांत दाखवतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिफ्यूज-३' या रुग्णांवरील संशोधन-चाचणीत ६ ते १६ तासांच्या दरम्यानचे रुग्ण असेच निवडले होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण ९० दिवसांनी स्वतःची कामे स्वतः करू शकत होते, तर केवळ औषधोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. 'डॉन' चाचणीने ही मर्यादा २४ तासांपर्यंत नेली. झोपेतून उठतानाच हात लुळा पडलेला आढळतो, अशा रुग्णांना याचा मोठा आधार आहे, कारण झटका नेमका केव्हा आला हे तिथे कोणीच सांगू शकत नाही.

अर्थात, गुठळी मोठ्या वाहिनीत नसेल किंवा बहुतेक भाग आधीच मृत झाला असेल, तर हाच स्कॅन निरर्थक धोका टाळतो.