प्लांट रूम की सॉफ्टवेअर? एका पालकांच्या पत्रास उत्तर

स. न. वि. वि.

आपली कन्या इन्स्ट्रुमेंटेशन अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला बिल्डिंग ऑटोमेशनमध्ये, म्हणजे इमारतीतील यंत्रणांच्या स्वयंचलित नियंत्रणाच्या क्षेत्रात, जायचे आहे. प्लांट रूममध्ये, म्हणजे चिलर (पाणी थंड करणारी यंत्रे) व पंपांच्या खोलीत, अडकण्यापेक्षा तिने सरळ सॉफ्टवेअरकडे वळावे, असे मात्र आपल्याला वाटते. माझ्या मते या क्षेत्रातली अवघड, आणि म्हणूनच टिकाऊ, कामे या दोहोंच्या सांध्यावर आहेत.

अनेक भाडेकरू कंपन्या असलेल्या इमारतीत एखादी कंपनी रात्री उशिरापर्यंत वातानुकूलन सुरू ठेवायला सांगते. एअर हँडलिंग युनिट (थंड हवा खोल्यांत पाठवणारे यंत्र) किती तास चालले हे नियंत्रण यंत्रणेला ठाऊक असते, बिल मात्र लेखा विभागाच्या सॉफ्टवेअरमधून निघते आणि मधले आकडे बऱ्याचदा कोणीतरी एक्सेलमध्ये हाताने उतरवत असते.

उपकरणांच्या आपसातील संवादाचे नियम जुने आहेत: मॉडबस १९७९चे, तर अमेरिकेतील ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे बॅकनेट १९९५चे. लेखा सॉफ्टवेअरला ते कळत नाहीत. म्हणून ओएसिस या माहिती-मानके ठरवणाऱ्या संस्थेत ओबिक्स हे खुले मानक तयार झाले व २००६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. तापमान, जुन्या नोंदी, अलार्म असे सर्व काही त्यात वेबपत्त्यावर एक्सएमएल या इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात मिळते. ओबिक्स सर्वत्र रुजले नाही, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी वर्ष घालवू नये. बॅकनेट मात्र तिने पक्के करावे.

खरी अडचण आकडा मिळाल्यानंतर सुरू होते. युनिटमधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाला एक ठेकेदार ‘एसएटी’ (सप्लाय एअर टेंपरेचर) म्हणतो, तर दुसरा ‘डीएटी’ (डिस्चार्ज एअर टेंपरेचर). अशा बिंदूंना, म्हणजे यंत्रणेतील मोजमापांना, समान अर्थ देण्यासाठी २०११ पासून प्रोजेक्ट हेस्टॅक आणि २०१६ पासून ब्रिक हे प्रयत्न सुरू आहेत. शिवाय थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ही हवा गार होण्याऐवजी २४ अंश दाखवत असेल, तर व्हॉल्व्ह अडकला आहे, पाणीच थंड नाही की सेन्सर बिघडला आहे, हे केवळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही. आपल्या कन्येला ते सुचेल, आणि तिचे शिक्षण वाया जात नाही ते यामुळेच.

तिने पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा), एचटीटीपी (वेबवरील देवाणघेवाणीचे नियम) व जेसन (माहिती मांडण्याचे स्वरूप) एवढे नीट शिकावे. येब (YABE) हे बॅकनेट उपकरणे पाहण्याचे मोफत साधन आणि पायथनमधील ‘बॅक-झिरो’ (BAC0) ही लायब्ररी वापरून लॅपटॉपवरच कृत्रिम उपकरणाशी सराव करता येतो. महाविद्यालयातील मॉडबस ऊर्जामीटरचे वाचन वेबवरून विभागवार खर्चाच्या तक्त्यात नेणे हा अंतिम वर्षाचा उत्तम प्रकल्प ठरेल. सुरक्षिततेकडेही लक्ष हवे: मूळ बॅकनेट इंटरनेटवर उघडे ठेवण्यासाठी बनलेले नाही, म्हणूनच पुढे डिजिटल प्रमाणपत्रे व टीएलएस (संदेश सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) वापरणारे बॅकनेट सिक्युअर कनेक्ट आले.

पहिली एक-दोन वर्षे मात्र साइटवरची, तळघरातली आणि अवेळीची असतील, आणि सुरुवातीचा पगार तिच्या सॉफ्टवेअरमधील मैत्रिणींहून कमी असू शकेल. हे तिने आधीच समजून घ्यावे. मुलाखतीत तिने एक प्रश्न अवश्य विचारावा: कमिशनिंगनंतर (यंत्रणा तपासून सुरू करून दिल्यावर) ग्राहकाच्या बिलिंग किंवा देखभालीच्या सॉफ्टवेअरशी जोडणी कंपनी स्वतः करते, की ते काम बाहेर देते? बाहेर देत असल्यास दुसरी कंपनी पाहावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक