मराठवाड्यातली असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या चांगल्या कॉलेजात मुलीची संधी कमी होते का?

तुमचं घर हिंगोली जिल्ह्यात, मुलगी यंदा दहावी झाली, ओढा इंजिनिअरिंगकडे पण मेडिकलचा विचारही अजून सुटलेला नाही. बारावी लातूरला करावी, पुण्यात करावी की थेट क्लाससाठी राजस्थानातल्या कोट्याला पाठवावं, आणि आपण मराठवाड्यातले म्हणून पुण्या-मुंबईत काही अडतं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. निकाल लागले की पालक कॅप राऊंडचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म घेऊन येतात, त्यामुळे हे सगळं दरवर्षी जवळून बघायला मिळतं.

आधी एक गैरसमज काढून टाका. प्रवेशाच्या यादीत तुमचं मूळ गाव कुणी बघत नाही. बघतात ते बारावी कुठून पास झाली ते. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात आणि डोमिसाइल इथलं (किंवा जन्म इथला) असेल तर सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, भाषेत मुलगी 'टाइप ए'. मग तिचं 'होम युनिव्हर्सिटी' ठरतं ते बारावीच्या ठिकाणावरून. म्हणजे हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर यांपैकी कुठेही बारावी केली तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. पुणे, नगर किंवा नाशिक जिल्ह्यात केली तर पुणे विद्यापीठ. घर हिंगोलीतच राहिलं तरी.

याचा उपयोग कुठे होतो? विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत राज्याच्या जागांपैकी 70 टक्के होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि 30 टक्के बाकीच्या सगळ्या महाराष्ट्राला असतात. म्हणून कटऑफच्या पीडीएफमध्ये 'जीओपनएच' आणि 'जीओपनओ' असे वेगळे रकाने दिसतात. सुरुवातीचा जी म्हणजे जनरल, शेवटचा एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे. पुण्यातल्या नावाजलेल्या खासगी कॉलेजांत बहुतेक वेळा 'ओ'चा कटऑफ 'एच'च्या वर असतो. फरक दिसायला दशांशांचा, पण सीईटीला तीन लाख मुलं बसली असं धरलं तर 0.1 पर्सेंटाइल म्हणजे मध्ये 300 मुलं उभी आहेत. तिथे लातूरवाल्याला थोडं जास्त पळावं लागतं हे खरंच.

पण ज्या दोन कॉलेजांसाठी सगळा महाराष्ट्र जीव टाकतो, पुण्याचं सीओईपी आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय, तिथे हा भेद नाही. तिथला रकाना 'एस'चा, म्हणजे राज्यपातळीचा. हिंगोलीची मुलगी आणि कोथरूडची मुलगी एकाच यादीत. नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजही तसंच, स्वायत्त. मुलीसाठी बघताना 'जी'ऐवजी 'एल'ने (लेडीज) सुरू होणारा रकानाही बघा, 30 टक्के जागा मुलींसाठी असतात. बरेच पालक तो रकाना न बघताच नाराज होतात.

या होम युनिव्हर्सिटीच्या नकाशात गंमतीही आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठात येतात. त्यामुळे सावंतवाडीत बारावी केलेलं पोर मुंबईच्या कॉलेजात 'घरचं', आणि पुण्यापासून दोन-अडीच तासांवरच्या साताऱ्याचं पोर पुण्यात 'बाहेरचं', कारण सातारा शिवाजी विद्यापीठात.

आता कोटा शहर. इथे मात्र गावापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागते. एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांत, निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या मुलांना असतात, आणि 'आपलं राज्य' ठरतं बारावी पास झालेल्या राज्यावरून. डोमिसाइल दाखवून उपयोग नाही. राजस्थानच्या शाळेतून बारावी केली की नागपूरच्या व्हीएनआयटीतला होम स्टेट कोटा गेला, बदल्यात जयपूरच्या एनआयटीतला मिळाला. आयआयटीला राज्याचा कोटाच नसल्यामुळे तिथे काही फरक पडत नाही. हाच होम स्टेट कोटा लहान राज्याला किती फळतो ते गोव्यात बघा. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटींच्या वर, गोवा 15 लाखांच्या आत, आणि दोघांना एनआयटी एकेकच. गोव्यात बारावी केलेल्याची रँक कितीतरी मागे असली तरी तिथे जागा मिळते. नागपूरसाठी आपल्याकडे रेटारेटी.

मेडिकलला तर याहून कडक. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या 85 टक्के राज्याच्या. त्या 85मध्ये बसायला डोमिसाइल लागतंच, शिवाय दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून लागते. सरकारी नोकरीतल्या बदलीसारखे थोडे अपवाद आहेत. सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तीही योग्यच. पण हौसेने कोटा शहरात जाऊन तिथल्या शाळेत बारावीचं नाव घातलेल्यांना कुणी वाचवत नाही. नीटला चांगले मार्क असूनही मूल फक्त अखिल भारतीय कोट्याच्या भरवशावर राहतं, आणि पालकांना हे कळतं ते कागदपत्रं तपासताना.

मराठवाड्याचा खरा सल मेडिकलमध्ये होता, तो आता निघालाय. पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग करून मेडिकलच्या 70 टक्के जागा त्या-त्या भागातल्या मुलांना राखलेल्या असायच्या. हेतू मागास भागाला संरक्षण देण्याचा. पण मराठवाड्यात कॉलेजंच कमी, म्हणजे 70 टक्के कशाचे, तर थोड्याशा जागांचे. मुंबई-पुण्याच्या भरपूर जागांमध्ये मात्र आमच्या मुलांनी 30 टक्क्यांत मावायचं. लातूरमध्ये नीटचे एवढे निकाल लागायला लागल्यावर ते कुंपण फारच टोचायला लागलं. सप्टेंबर 2020मध्ये अमित देशमुख वैद्यकीय शिक्षण मंत्री असताना ही पद्धत रद्द झाली. तेव्हा 'प्रादेशिक न्याय गेला' म्हणून ओरडही झाली. मला तो निर्णय बरोबरच वाटतो. दारात जागाच नसतील तर घरच्यांसाठी राखून ठेवण्यात काय हशील? त्यानंतर 2024ला हिंगोली आणि जालन्यालाही सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं.

जागांच्या कोट्यात न दिसणारा भूगोल मात्र शिल्लक आहे, आणि माझ्या मते तुमच्या मुलीच्या बाबतीत तोच जास्त मोजावा लागेल. तालुक्याच्या गावात अकरावी सायन्स असतं, फिजिक्सला पूर्णवेळ माणूस असेलच असं नाही. प्रॅक्टिकलच्या वह्या भरून निघतात, प्रयोग होत नाहीत. टायअप कॉलेजात, म्हणजे नाव कॉलेजात आणि शिकणं खासगी क्लासमध्ये असतं तिथे, तर वर्गात कुणी फिरकतही नाही. अशा ठिकाणी वाया गेलेली दोन वर्षं कुठलाही कोटा भरून देत नाही. म्हणूनच लांबलांबून लोक मुलांना लातूरला आणून ठेवतात.

मला विचाराल तर बारावी नांदेड किंवा लातूरला करा. पुण्यात ठेवायचं कारण निव्वळ 'एच'चा रकाना असेल तर तेवढ्यासाठी दोन वर्षांचं हॉस्टेल आणि मेस परवडतं का, याचा हिशोब आधी मांडा. पुण्यात मावशी-आत्या कुणी असेल तर गोष्ट वेगळी. कुठेही घाला, पण अ‍ॅडमिशन घेताना बारावीच्या परीक्षेचा फॉर्म कोणत्या शाळा-कॉलेजच्या नावाने भरला जाणार, ते लेखी विचारून घ्या. टायअपमध्ये क्लास एका शहरात आणि कॉलेज दुसऱ्याच जिल्ह्यात असतं, मग होम युनिव्हर्सिटी त्या कॉलेजाची लागते. डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा, ऐन जूनमध्ये सेतूसमोर रांगा लागतात. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका एकदा स्वतः वाचा. आणि मेडिकल नको हे मुलगी ठामपणे म्हणत नाही तोवर कोट्याच्या क्लासचा अ‍ॅडव्हान्स भरू नका.