एसटीत कंडक्टर म्हणून नवीन लागलेल्या भावासाठी

भावा, सगळ्यात आधी सुट्टे. घरूनच थोडी चिल्लर घेऊन निघ, फक्त स्वतःजवळची रक्कम ड्युटी सुरू व्हायच्या आधी नोंदवून घे नाहीतर चेकिंगला नसती कटकट. बाकी पैसे तिकिटामागे लिहून दिलेस तर उतरायच्या आधी तूच जाऊन दे, माणूस झोपेत विसरतो, म्हणून ते दहा रुपये तुझे होत नाहीत.

75 च्या वरच्यांना फुकट, बायकांना अर्धं तिकीट, यावरून तोंड वाकडं करणारे लय बघितलेत मी, अरे तुझ्या खिशातून जातंय का? आजी आधार कार्ड शोधतात तेव्हा पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल, त्याला गाठ, तोवर तू पुढची तिकिटं उरकून ये ना, डोक्यावर उभं राहून घाई कशाला. आणि डबल बेल त्या सीटवर टेकल्यावरच.

रात्री शेवटच्या गाडीला एकटी पोरगी फाट्यावर उतरत असेल तर घ्यायला कोणी आलंय का एवढं विचार, मिनिटभर थांब, ड्रायव्हर कुरकुरतो पण थांबतो. गाडीत राहिलेली बॅग डेपोत त्याच दिवशी जमा कर, नोंद झाल्याशिवाय हलू नको.